गोडाऊनचं सॉफ्टवेअर, एक्सपायरी आणि शॉर्टेज: तुमच्या प्रश्नांना उत्तरं

साबण, बिस्किट, चहा, तेल, शाम्पू असा रोजच्या वापराचा माल ठेवणाऱ्या एजन्सीवाल्यांचे आणि गोडाऊनात काम करणाऱ्यांचे बरेच प्रश्न साठले होते, जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडून. वेअरहाऊस मॅनेजमेंट सिस्टिम म्हणजे डब्ल्यूएमएस घ्यावं का आणि घेतलं तर चालत का नाही, असा सगळ्यांचा रोख. मी मात्र फिरून फिरून दारावरच येणार आहे, जिथे गाडी लागते आणि माल उतरतो तिथे, कारण पुढे जे नुकसान दिसतं त्यातलं बहुतेक तिथेच ठरलेलं असतं.

जळगावला दोन कंपन्यांची एजन्सी आहे. एक गोडाऊन एमआयडीसीत, दुसरं घरामागे. बिलं टॅलीत होतात, कंपन्यांचं डीएमएस म्हणजे डिस्ट्रिब्युटर मॅनेजमेंट सिस्टिम पण आहे. आता डब्ल्यूएमएसवाला रोज फोन करतोय. खरंच लागतं का?

भाऊ, आधी तिघांची कामं वेगळी करून बघा. टॅलीत पैशाचा हिशेब आणि एकूण स्टॉक किती ते असतं. डीएमएस हे मुख्यतः कंपनीच्या सोयीचं आहे, तुम्ही कुठल्या दुकानदाराला काय विकलं, स्कीम किती गेली, क्लेम किती झाला हे तिला वर बसून दिसावं म्हणून. डब्ल्यूएमएसचं काम माल आत्ता कुठल्या रॅकवर, कुठल्या खणात आहे, कुठल्या बॅचचा आहे, कधी संपतोय, आणि समोरच्या ऑर्डरसाठी तो कोणी कुठून उचलायचा एवढंच, पण हे काम बाकीची दोन नीट करत नाहीत.

आता तुमच्याकडे दोन-तीनच माणसं असतील आणि त्यांना माल पाठ असेल तर लगेच पैसे घालू नका. टॅलीतच गोडाऊनवार स्टॉक ठेवता येतो, बॅच, उत्पादनाची तारीख आणि एक्सपायरी पण टाकता येते, बऱ्याच जणांनी ती सोय चालूच केलेली नसते. तीन महिने तेवढं नेमाने करून बघा. ते जमलं नाही तर डब्ल्यूएमएस पण जमणार नाही, कारण दारावर तारीख वाचून टाकायचं काम तिथेही माणसालाच करायचंय.

गरज कधी म्हणायची, तर जुना माणूस लग्नाला गावी गेला की माल सापडत नाही, एकच आयटम तीन ठिकाणी निघतो, किंवा मोठं स्टोअर कमी तारखेचा माल म्हणून गाडी परत पाठवतं, तेव्हा. आणि घ्यायचंच ठरलं तर विकणाऱ्याचा डेमो बघू नका, तुमचीच दोन्ही कंपन्यांची कालची बिलं द्या आणि म्हणा, डीएमएसमधून ह्याच्यात आणि ह्याच्यातून टॅलीत आपोआप जाताना दाखव. नाहीतर तुमचा पोरगा एकच बिल तीनदा टाईप करत बसेल आणि महिन्यात कंटाळून सोडून देईल.

शिरपूरहून लिहितोय. स्कॅनर घेतला, सॉफ्टवेअर घेतलं, पण बारकोड मारला तर फक्त आयटमचं नाव येतं, एक्सपायरी येत नाही. विकणाऱ्याने फसवलं का?

फसवलं असं नाही म्हणणार, पण हे त्याने आधी सांगायला हवं होतं. पुडीवर, वडीवर जो १३ आकडी बारकोड असतो त्यात फक्त कुठल्या कंपनीचा कुठला आयटम एवढंच असतं. सुरुवातीचे ८९० हे आकडे बघून लोक म्हणतात माल भारतात बनलाय, तसंही नाही, तो नंबर जीएस१ इंडिया या बारकोड नंबर देणाऱ्या संस्थेकडून घेतलाय एवढाच त्याचा अर्थ. जानेवारीत बनलेली वडी आणि जूनमध्ये बनलेली वडी, दोघींचा बारकोड तोच. बॅच आणि तारीख बाजूला वेगळी छापलेली असते, ती माणसाने वाचायची. पेटीवरच्या १४ आकडी कोडचं पण तसंच, फार तर पेटी आहे की सुटा पीस एवढं कळतं.

पण काही कंपन्यांच्या पेट्यांवर याहून लांब पट्टी असते किंवा ठिपक्यांचा चौकोनी कोड असतो, तो बघा. जीएस१ पद्धतीने छापलेला असेल तर त्यात ०१ या खुणेनंतर आयटमचा नंबर येतो, १० नंतर बॅच आणि १७ नंतर एक्सपायरी, वर्ष-महिना-दिवस अशा क्रमाने, म्हणजे १७ नंतर २६११३० आलं तर ३० नोव्हेंबर २०२६. खाण्याच्या मालावर कधीकधी १७ ऐवजी १५ येतं, ती बेस्ट बिफोरची खूण आहे, आणि सॉफ्टवेअरला फक्त १७ वाचायला शिकवलेलं असेल तर तारीख रिकामी राहते. तुमच्या माणसाकडून दोन्ही खुणा चालू करून घ्या.

ज्या पेटीवर असा कोड नाहीच तिथे दारावरच काम करायचं. माल उतरला की बॅचप्रमाणे थप्प्या वेगळ्या लावायच्या, एका बॅचची तारीख एकदाच टाईप करायची, आपलं लेबल छापून थप्पीला लावायचं. दर पेटीला नाही, थप्पीला एक. यापुढे स्कॅन करायचं ते आपलं लेबल, त्यात सगळं आहे. अजून एक, पाकिटावर नुसती पॅकिंगची तारीख आणि "बेस्ट बिफोर ६ महिने" असं असेल तर हिशेब माणसाला करायला लावू नका, आयटम मास्टरमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या मालाच्या मूळ यादीत, सहा महिने भरून ठेवा, सॉफ्टवेअर बेरीज करतं. घाईत बोटावर मोजलेला महिना चुकतो आणि ती चूक सहा महिन्यांनी कळते.

भुसावळ. आम्ही आधी आलेला माल आधी काढतो, कटाक्षाने. तरी दोन-तीन महिन्यांनी एक्सपायरी निघतेच आणि कंपनी पूर्ण क्लेम देत नाही.

कारण आधी आलेला माल आधी संपतोच असं नाही. भिवंडीच्या डेपोतून आज आलेल्या गाडीत मागच्या आठवड्यातल्यापेक्षा जुनी बॅच येऊ शकते, तिकडे कोपऱ्यात राहिलेलं कोणीतरी आज बाहेर काढलेलं असतं. तुम्ही फिफो पाळता, म्हणजे आधी आला तो आधी; पाहिजे फेफो, म्हणजे ज्याची एक्सपायरी आधी तो आधी. आपल्याकडे केळीवाल्याला हे शिकवावं लागत नाही, तो घड बागेतून कधी आला ते विचारत नाही, पिकलाय किती ते बघून गाडीत भरतो. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये पिकिंगचा, म्हणजे कुठला माल आधी काढायचा याचा नियम असतो, तिथे बहुतेकवेळा फिफोच ठेवलेलं असतं, ते आजच बदला.

पण खरा उपाय परत दारावर. प्रत्येक आयटमला कमीत कमी किती आयुष्य शिल्लक असलं तर आत घ्यायचा ते ठरवून सिस्टिममध्ये टाका, त्याखालच्या मालाला एन्ट्रीच होऊ देऊ नका. महिन्याच्या शेवटी सेल्स ऑफिसर टार्गेटसाठी माल ढकलतो, ड्रायव्हरला पुढे जायची घाई असते, हमाल पण थकलेले असतात, आणि आपण म्हणतो राहू दे, उतरवा. तिथेच थांबा. परत पाठवता येत नसेल तर बिल्टीवर म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीवर आणि चलनावर बॅच नंबर टाकून शेरा लिहा, फोटो काढा, त्याच दिवशी मेल करा. सहा महिन्यांनी क्लेम मागताना तुमच्याकडे दाखवायला तेवढंच असतं.

आणि नुकसान नुसत्या खरेदी किमतीचं पण नसतं. माल एक्सपायर होऊन नष्ट केला की त्यावर घेतलेलं जीएसटीचं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, उलटं करावं लागतं, कायद्याच्या कलम १७(५) मध्ये हरवलेला, चोरीला गेलेला, नष्ट केलेला असा सगळाच माल येतो. सीएला विचारून तो आकडा क्लेमच्या हिशेबात धरता का ते बघा.

दुकानातून परत आलेल्या मालाला गोडाऊनात वेगळी, कुलपाची जागा द्या आणि सिस्टिममध्ये ती जागा विक्रीसाठी बंद करा. परतीची पेटी संध्याकाळी दाराशी टेकवली, सकाळी कोणीतरी चांगल्या मालात लावली, आणि संपलेलं बिस्किट एखाद्या पोराच्या हातात गेलं, हे मला अजिबात चालत नाही. इथे धंद्याचा प्रश्न नंतरचा आहे.

पत्र्याचं गोडाऊन आहे, उन्हाळ्यात चॉकलेट आणि तूप वितळतं. सॉफ्टवेअरने काय होणार?

पत्रा थंड होणार नाही, पण आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा पत्र्याखालचा वरचा खण सगळ्यात तापतो एवढं सिस्टिमला सांगता येतं. प्रत्येक जागेला गुण द्या, तापणारी, थंड, वासाची. चॉकलेट-तुपाला मार्च ते जून वरची जागा सुचवायचीच नाही असा नियम लावा, आणि तेव्हाच अगरबत्ती आणि डिटर्जंट चहा-बिस्किटापासून लांब ठेवायचा पण लावून टाका, चहा वास ओढतो. चॉकलेटला मात्र एसी खोलीच लागते, छोटी का होईना.

धुळे. महिन्याला मोजणी करतो, दर वेळी फरक. आता तर एकाच साबणाच्या दोन एमआरपी झाल्यात, पूर्ण गोंधळ.

फरक कुठून येतो ते आधी शोधा. माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त घोळ एककाचा असतो. खरेदी पेटीत, विक्री लडीत (जोडलेल्या पुड्यांच्या माळेत), सेल्समन ऑर्डर लिहितो पीसमध्ये, आणि मास्टरमध्ये पेटीत लडी किती ते जुनंच राहिलेलं, कंपनीने मधेच पॅकिंग बदललेलं असतं. दुसरा घोळ स्कीमचा, बारावर एक फुकट असेल तर तो तेरावा पीस शून्य किमतीने का होईना बिलात आणि स्टॉकमधून बाहेर पडला पाहिजे, नाहीतर तो कागदावर कायम गोडाऊनातच पडून राहतो. तिसरा, बिल आधी फाडायचं आणि माल आल्याची एन्ट्री संध्याकाळी करायची, मग स्टॉक मायनसमध्ये जातो. मायनस स्टॉकची परवानगी बंद करा, दोन दिवस आरडाओरडा होईल, मग गाडी दारात असतानाच एन्ट्री व्हायला लागेल.

दोन एमआरपीचं असं की २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, शाम्पू, टूथपेस्ट, बिस्किट, नमकीन, तूप अशा कितीतरी वस्तूंवरचा जीएसटी १८ किंवा १२ वरून ५ टक्क्यांवर आला, मग जुना छापील माल आणि नवा माल एकाच रॅकवर आले. पुढेही किमती बदलतच राहणार, त्यामुळे एमआरपी ही आयटमला चिकटवू नका, बॅचला चिकटवा. नाव एक, बारकोड एक, पण बॅच वेगळी म्हणून किंमत वेगळी आणि जागा पण वेगळी. दोन एमआरपीचा माल एका खणात ठेवला की चुकीच्या दराचं बिल जातं आणि दुकानदार बरोबरच भांडतो.

आणि महिन्याची एकदम मोजणी सोडून द्या. सगळे थकलेले असतात, रात्री अकराला कोणीही आकडा लिहितं. त्यापेक्षा रोज सकाळी गाड्या भरायच्या आधी थोडेच खण मोजा, भरभर फिरणारा आणि महागडा माल आठवड्याला एकदा यायला हवा, पडून राहणारा तीन महिन्यांतून एकदा आला तरी चालेल. मोजणाऱ्याला सिस्टिमचा आकडा दाखवायचा नाही, दिसला की माणूस तोच लिहितो. फरक निघाला की त्याच दिवशी कारण शोधा, कालचं सगळ्यांना आठवत असतं.

अक्कलकुव्याला गोडाऊन आहे, धडगाव-मोलगीकडे गाड्या जातात. नेट टिकत नाही, लाईट जाते, आणि माझ्या दोन माणसांना इंग्रजी वाचता येत नाही. आमच्यासारख्यांनी काय करायचं?

तुमच्यासाठी पहिली अट एकच ठेवा, नेट नसताना मोबाईलवर स्कॅन झालं पाहिजे आणि नेट आल्यावर आपोआप वर गेलं पाहिजे. विकणाऱ्यासमोर फोन फ्लाईट मोडवर टाका आणि एक पूर्ण ऑर्डर भरून दाखवायला सांगा. राउटर आणि कॉम्प्युटरला छोटा इन्व्हर्टर लावा, त्यात कंजूषी नको.

इंग्रजीचं म्हणाल तर जागेचे नंबर मोठ्या मराठी आकड्यांत आणि ओळीला रंग, म्हणजे लाल ओळ, तिसरा रॅक, दुसरा खण. स्क्रीनवर मालाचा फोटो दिसेल असं बघा, मराठी स्क्रीन देणारं मिळालं तर तेच घ्या. ज्यांना माल हाताने माहीत आहे त्या दोघांना जागा ठरवताना सोबत बसवा, होळीच्या आधी भोंगऱ्या बाजार भरतात तेव्हा कुठला माल झपाट्याने उठतो हे त्यांना तुमच्या रिपोर्टपेक्षा आधी कळतं, तो माल त्या पंधरवड्यात दाराजवळ आणून ठेवा. डोंगरात एकदा गाडी गेली की चुकलेली पेटी बदलायला परत येता येत नाही, म्हणून शेवटच्या गावाचा माल आधी आत आणि पहिल्या गावाचा दाराशी, अशी लोडिंग शीट उलट्या क्रमाने छापून घ्या.

मी धुळ्याला गोडाऊनमध्ये माल काढायचं काम करतो. शॉर्टेज निघालं की शेठ आम्हा चौघांच्या पगारातून सारखं कापतात. आता सॉफ्टवेअर येतंय, आमचं काय?

दादा, चौघांच्या पगारातून सरसकट कापणं चुकीचं आहे. कायद्याने कापता येतं ते त्या माणसाच्या ताब्यात दिलेला माल त्याच्याच हलगर्जीपणाने गेला असेल तर, नुकसानीपेक्षा जास्त नाही, आणि त्याला आपलं म्हणणं मांडू दिल्याशिवाय नाही. शेठला आधी शांतपणे हेच सांगा, सगळे मिळून, एकट्याने नको. ऐकलं नाही तर कामगार आयुक्तांच्या ऑफिसात अर्ज देता येतो.

सॉफ्टवेअर नीट वापरलं तर ते तुमच्या बाजूचं आहे. प्रत्येक स्कॅनला नाव आणि वेळ पडते, पेटी दारावरच कमी आली होती की गाडीत भरताना कमी झाली ते कळतं. पण त्यासाठी प्रत्येकाचं लॉगिन वेगळं पाहिजे, एकाच्याच नावावर चौघं काम करत असाल तर पुन्हा तेच होणार. पहिल्याच दिवशी वेगळं लॉगिन मागा, पासवर्ड कोणाला देऊ नका, आणि गाडी उतरवताना पेटी फुटलेली किंवा कमी दिसली तर ती डॅमेज म्हणून तिथल्या तिथे टाकल्याशिवाय सही करू नका. नोकरीचं म्हणाल तर डिस्ट्रिब्युटरच्या गोडाऊनात पेटी उचलायला, फोडायला, लडी मोजायला माणूस लागतोच. स्कॅनर आणि माल उतरवून घेण्याची एन्ट्री दोन्ही शिकून घ्या, दारावर उभं राहून तारीख वाचून टाकणारा माणूस प्रत्येक एजन्सीला हवा आहे आणि सहज मिळत नाही, त्या कामाचे पैसे वेगळे मागायला लाजू नका.