‘सही करायला लावली’ याचं इंग्रजी: माझी एक चूक वाचा, मग शब्द निवडा

तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि झोप लागली नाही. आईने मामांच्या सांगण्यावरून हक्कसोडपत्रावर सही केली, आता तिच्या निवेदनाचं इंग्रजी तुम्ही करताय, आणि ‘सही करायला लावली’ हे त्यात पाच ठिकाणी आलंय. पुनरुक्ती नको म्हणून फोर्स, कम्पेल, कोअर्स, प्रेशराइज, पर्स्वेड हे शब्द आलटूनपालटून वापरले तर चालतील का, असं तुम्ही विचारलंय.

नाही चालणार. अकरा वर्षांपूर्वी माझ्या चुलत आत्यासाठी मी नेमकं हेच केलं होतं.

आधी सांगते, मी वकील नाही. मराठी-इंग्रजी भाषांतरं करते, त्यातली निम्मी दस्तऐवजांची असतात. खाली कायद्याचं जे लिहिलंय ते वकिलाला दाखवल्याशिवाय वापरू नका. दस्त नोंदणीकृत आहे का, नक्कल काढली का, वगैरे तुम्ही पाहिलंच असेल, त्यात शिरत नाही.

आत्याच्या वडिलांचं तेरावं होतं. पाहुणे जेवून उठत होते तेव्हा तिच्या भावाने कागद पुढे केले. ती मला सगळं तोंडी सांगत होती आणि मी वहीत उतरवून घेत होते. बोलताना ती एकदा म्हणाली ‘भाग पडलं’, एकदा ‘त्यानं करायला लावली’, मग ‘माझं काही चाललं नाही’ आणि शेवटी ‘भिडेपोटी केली गं’. मी इंग्रजी करताना पहिल्याला ऑब्लाइज्ड केलं, दुसऱ्याला फोर्स्ड, तिसऱ्याला कोअर्स्ड आणि चौथ्याला पर्स्वेडेड. एकच शब्द परत परत आला की निबंध कच्चा वाटतो हे शाळेपासून डोक्यात बसलेलं. पत्र छान झालं असं मला मनापासून वाटलं होतं.

समोरच्या वकिलाचं उत्तर तीन आठवड्यांनी आलं. त्याने फोर्स्ड आणि कोअर्स्ड या शब्दांना हातच लावला नाही. पर्स्वेडेड उचललं आणि लिहिलं की तुमच्याच म्हणण्यानुसार बाईंना पटवून देण्यात आलं, त्यांना पटलं, म्हणजे ही राजीखुशीची सही. खाली ऑब्लाइज्डवर एक ओळ: बहिणीने कर्तव्य समजून सही केली हेही तुम्हीच कबूल करता. ते पत्र मी आत्याला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, चष्मा काढून पदराने पुसत बसली.

म्हणून आता प्रत्येकाला सांगते की हे शब्द एकमेकांच्या जागी बसत नाहीत. इंग्रजीत क्रियापद निवडलं की माणूस कशामुळे नमला तेही त्यात सांगितलं जातं. मराठीत ‘भाग पाडलं’ म्हटलं की साधन सांगावं लागत नाही. शिवाय आपल्याकडे ‘भाग पडलं’ आणि ‘भाग पाडलं’ यांत एका कान्याचा फरक आहे. पहिल्यात परिस्थिती असते, दुसऱ्यात माणूस असतो. आईने नेमकं काय म्हटलंय ते पुन्हा ऐका.

फोर्स सगळ्यात मोकळा शब्द. अंगबळ, धमकी, गरज, काहीही त्यात मावतं. राज्यघटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदात वेठबिगारीला मनाई करताना ‘फोर्स्ड लेबर’ असे शब्द आहेत. १९८२ मध्ये आशियाई स्पर्धांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवून घेणं हीसुद्धा वेठबिगारीच, कारण पोटाची निकडही माणसावर सक्ती करते. मला तो निकाल फार मोलाचा वाटतो.

कम्पेलचं मूळ लॅटिनमध्ये आहे, गुरं एकत्र हाकणं असा त्याचा अर्थ. हाकणारा कोणीही असू शकतो: भूक, कायदा, न्यायालयाचं समन्स. त्यामुळे कम्पेल म्हटल्याने समोरच्यावर दोष येतोच असं नाही. कोअर्सचं मूळ कोंडण्यात आहे. परिस्थितीला कोअर्स करता येत नाही, ते माणूस किंवा सत्ताच करते, आणि तेही धाक दाखवून. ऑब्लाइजमध्ये बांधून घेणं आहे, करार, नियम किंवा उपकार यांनी, म्हणूनच आभार मानताना इंग्रज माणूस तोच शब्द वापरतो. इन्ड्यूसमध्ये आमिष किंवा थाप येते, जुन्या दंडसंहितेच्या चारशेवीस कलमात तोच शब्द होता. पर्स्वेडमध्ये शेवटी समोरच्याला पटलेलं असतं, त्यामुळे तक्रारीत तो शब्द घालूच नये असं माझं ठाम मत आहे. प्रेशर किंवा प्रेशराइज एवढंच लिहिलं तर दबाव आला इतकंच कळतं. तो यशस्वी झाला हे सांगायला पुढे ‘इंटू साइनिंग’ जोडावं लागतं.

जाता जाता एक व्याकरणाचं: ‘मेड हर टू साइन’ लिहू नका, ‘मेड हर साइन’. पण कर्मणीत तोच टू परत येतो, ‘शी वॉज मेड टू साइन’. माझ्याकडे येणाऱ्या दहा मसुद्यांपैकी पाचसहांत ही चूक असते.

आता कोअर्सबद्दल, कारण तुमच्या यादीत तोही आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या पंधराव्या कलमात कोअर्शनची व्याख्याच दिलेली आहे. दंडसंहितेने मनाई केलेलं कृत्य करणं किंवा करण्याची धमकी देणं, नाहीतर कोणाची मालमत्ता बेकायदा अडकवून ठेवणं किंवा तशी धमकी देणं, आणि हे सगळं समोरच्याने करार करावा म्हणून. मद्रास उच्च न्यायालयाचे दोन जुने निकाल वकील हमखास सांगतात. एकात नवऱ्याने आत्महत्येची धमकी देऊन बायको आणि मुलाकडून भावाच्या नावे हक्क सोडून घेतला होता, तो दस्त टिकला नाही. दुसरा १८८९ चा. तेरा वर्षांच्या विधवेने दत्तक घ्यायचं कबूल करेपर्यंत नातेवाइकांनी तिच्या नवऱ्याचं प्रेत हलवू दिलं नव्हतं. तेही दत्तकविधान तिच्यावर बंधनकारक धरलं नाही.

आत्याच्या भावाने काय धमकी दिली होती? ‘सही नसेल तर माहेरचं दार बंद.’ मराठी वाचकाला यातलं ओझं समजावून सांगावं लागत नाही, पण हे दंडसंहितेतलं कृत्य नाही. म्हणजे त्या वाक्यासाठी कोअर्स्ड लिहून मी तिची बाजू उलट कमजोर केली. तिच्या ‘भिडेपोटी’ला इंग्रजीत एक शब्द नाहीच. त्याच्या सर्वांत जवळ जातं ते सोळावं कलम, अनड्यू इन्फ्लुअन्स: एकाचा दुसऱ्याच्या मनावर वरचष्मा असणं आणि त्याचा गैरफायदा घेणं. वय, आजारपण, मानसिक क्लेश यांमुळे खचलेल्या माणसाचा उल्लेखही त्यात आहे. बापाच्या तेराव्याला बसलेली साठीची बाई. मी ‘भीड’ला पर्स्वेड करण्याऐवजी ते दोन वाक्यांत उलगडून लिहायला हवं होतं.

पण माझी खरी चूक याहून मोठी आहे. सगळं मिटल्यावर, म्हणजे आत्याने मागितलं होतं त्याच्या निम्म्याहून कमी पैशांवर तडजोड केल्यावर, एका दुपारी आम्ही गवार मोडत बसलो होतो. ती सहज म्हणाली, ‘पाटल्या आणि पासबुक तरी सही झाल्यावर दिलंन् त्यानं.’ वडिलांच्या आजारपणात ती तिथे राहायला होती आणि या वस्तू भावाच्या कपाटात होत्या. तेराव्याच्या आधी तिने त्या दोनदा मागितल्या, तो म्हणाला आधी सही कर. मी घरी येऊन जुनी वही उघडली. ‘किल्ली त्याच्याकडे’ हे माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. विषयाशी संबंध नाही म्हणून मी ते पत्रात घेतलं नव्हतं. पंधराव्या कलमातलं मालमत्ता अडकवणं ते हेच. चार शब्दांवर चार दिवस घालवले आणि कपाट गाळलं.

दाव्यातही दबाव किंवा फसवणूक म्हणून भागत नाही, तपशील द्यावा लागतो. दिवाणी प्रक्रिया संहितेत सहाव्या आदेशाचा चौथा नियम त्यासाठीच आहे. म्हणून आधी घटना लिहा: कोण, कुठे, कोणत्या दिवशी, काय म्हणालं, हातात काय धरून ठेवलं होतं. मग क्रियापद एकच ठेवा, तेही वकिलाला विचारून. मला विचाराल तर बहुतेक ठिकाणी साधं ‘मेड हर साइन’ पुरतं. तोच शब्द पाच वेळा येऊ दे.

एका कार्यालयाबद्दलही सांगते, कारण माझा राग अजून गेलेला नाही. आत्याचा मूळ अर्ज मराठीत होता. तिथल्या खिडकीवर ‘इंग्रजीत आणा’ एवढंच सांगितलं, लेखी काही दिलं नाही. इंग्रजी नेलं तर प्रमाणित प्रत हवी म्हणाले, ती नेली तर साहेब रजेवर. पाच महिने गेले. राज्यात मराठी ही राजभाषा आहे, १९६४ चा कायदा आहे, आणि सत्तर किलोमीटरवरून एसटीने येणाऱ्या बाईला तिच्याच भाषेतला कागद परत देतात. दस्त रद्द करून मागायला साधारण तीन वर्षांची मुदत असते, ती कधीपासून मोजायची हे वकील सांगेल. आमचे पाच महिने त्यातूनच गेले आणि तडजोडीची घाई झाली ती त्यामुळेच. तुम्हाला कोणी तोंडी परत पाठवलं तर अर्ज आवक कक्षात द्या आणि पोच घ्या.

इंग्रजीसोबत आईचं मराठी निवेदन जसंच्या तसं जोडा, तिचे शब्द सुधारू नका. आणि आज तिला एवढं विचारा की सहीच्या दिवशी तिची कुठली वस्तू, कागद किंवा किल्ली मामांकडे होती का. उत्तर मिळालं की मसुदा इथे टाका, मी वाचून पाहीन. नावं आणि गट नंबर मात्र आधी काढून टाका.