ॲनिमेवरचं फॅन कॉमिक टोकियोच्या कॉमिकेट या मेळ्यात विकणं कायदेशीर आहे का? त्यापेक्षा भाच्याने स्वतःचं काहीतरी काढावं, हे त्याला कसं पटवू?

पटवू नका.

तुम्ही लिहिलंय की भाचा टोकियोत भाषा शिकतोय, आवडत्या मालिकेवर रात्री जागून चोवीस पानांचं कॉमिक काढतोय, आणि एवढी मेहनत त्याने ‘स्वतःच्या’ गोष्टीवर केली असती तर बरं झालं असतं असं तुम्हाला वाटतं. कायद्याच्या प्रश्नाला इथे कुणीही उत्तर देईल. मी लिहायला बसले ती या दुसऱ्या वाक्यामुळे. माझ्या घरात ते गेली कित्येक वर्षं ऐकतेय.

आधी कायदा उरकते. मूळ लेखकाच्या परवानगीशिवाय त्याच्या पात्रांवर पुस्तक काढून विकणं हा जपानमध्येही कॉपीराइटचा भंग ठरू शकतो. अमेरिकेसारखी ‘फेअर यूज’ची, म्हणजे विनापरवानगी वाजवी वापराची, सरसकट सवलत तिथे नाही. तरीही दर ऑगस्टमध्ये आणि डिसेंबरमध्ये टोकियो बिग साइट या प्रदर्शन केंद्रातल्या कॉमिकेटमध्ये हजारो सर्कल, म्हणजे हौशी काढणाऱ्यांचे छोटे गट, अशी पुस्तकं उघडपणे मांडून बसतात. याचं कारण असं की हक्कदाराने स्वतः तक्रार केल्याशिवाय खटला उभा राहत नसे, आणि हक्कदार सहसा तक्रार करत नाहीत. 30 डिसेंबर 2018 पासून काही प्रकारांत तक्रारीशिवायही खटला भरता येतो, पण ती तरतूद मूळ कलाकृती जशीच्या तशी विकून धंदा करणाऱ्यांसाठी आहे. दोजिन्शी, म्हणजे अशी हौशी पुस्तकं, त्यात अडकू नयेत म्हणूनच अटी घातल्या गेल्या. केन आकामात्सु या मंगा (जपानी कॉमिक) काढणाऱ्या चित्रकारांनी तर 2013 मध्ये ‘माझ्या मालिकेवर दोजिन्शी काढायला हरकत नाही’ असं सांगणारी खूण पुढे आणली. पुढे 2022 मध्ये ते तिथल्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहात निवडूनही गेले.

म्हणजे परवानगी नाही, पण डोळेझाक आहे. ही डोळेझाक कुठे संपते तेही भाच्याला माहीत हवं. 1999 मध्ये पोकेमॉनवर प्रौढांसाठीचं दोजिन्शी काढणाऱ्या एका बाईंना हक्कदार कंपनी निन्तेन्दोच्या तक्रारीवरून अटक झाली होती. दुसरं प्रकरण डोरेमॉनचं. बॅटरी संपून डोरेमॉन बंद पडतो आणि मोठा होऊन शास्त्रज्ञ झालेला नोबिता त्याला पुन्हा जागा करतो, ही गोष्ट ‘डोरेमॉनचा शेवटचा भाग’ म्हणून आपल्याकडची मुलंही एकमेकांना सांगतात. ती मूळ मालिका काढणाऱ्या फुजिको एफ. फुजिओ यांची नाही. ते 1996 मध्ये गेले आणि मालिकेला ठरलेला शेवट राहिलाच नाही. चाहत्यांमध्ये फिरणाऱ्या त्या गोष्टीचं एकाने 2005 मध्ये कॉमिक केलं, तेही मूळ मालिकेच्या पुस्तकासारखंच दिसणारं, आणि त्याच्या सुमारे 13,000 प्रती विकल्या गेल्या. लोकांना ते अस्सलच वाटू लागलं, तेव्हा प्रकाशकाने दखल घेतली. 2007 मध्ये काढणाऱ्याने माफी मागितली, नफ्यातला वाटा भरला आणि विक्री थांबवली. भाच्यासाठी यातला धडा साधा आहे: मुखपृष्ठ मूळ पुस्तकासारखं करू नकोस आणि हजारांत छापू नकोस.

आता माझ्या मुद्द्यावर येते.

मी सांगली जिल्ह्यातली. जपानी पुण्यात शिकले. गेली काही वर्षं टोकियोतल्या नीशी-कासाईत राहते आणि एका कंपनीत भाषांतराचं काम करते. शाळेत व्हॉलीबॉलच्या संघात मी सेटर, म्हणजे मारणाऱ्या खेळाडूला चेंडू उचलून देणारी, होते. खरं तर राखीव सेटर. नववीपर्यंत वाट पाहिली, दहावीत माझी पाळी येणार होती, आणि त्याच वर्षी आठवीतली एक मुलगी आली. तिचे हात माझ्यापेक्षा चांगले होते. मिरजेच्या जिल्हा स्पर्धेत सगळे सामने मी बाकावरून पाहिले. परतीच्या एसटीत चेंडूंची जाळी माझ्या मांडीवर होती, आणि घरी गेल्यावर आईने ‘जिंकलात का’ विचारलं तेव्हा ‘हो’ म्हटलं, कारण जिंकलोच होतो.

‘हाइक्यू’ ही शाळेतल्या व्हॉलीबॉलवरची मालिका पाहिलेल्या कुणालाही पुढचं कळलं असेल. कारासुनो शाळेचा सुगावारा तिसऱ्या वर्षाचा सेटर असतो आणि पहिल्या वर्षातला कागेयामा त्याची जागा घेतो. सुगा रुसत नाही. तो स्वतः कोच उकाईंना जाऊन सांगतो की संघ ज्याच्यामुळे जिंकेल त्यालाच खेळवा, जितके जास्त सामने जिंकू तितकी मलाही कोर्टवर उतरायची संधी मिळेल. हा प्रसंग मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा टीव्ही बंद करून गॅलरीत जाऊन उभी राहिले होते. मालिका पुढे जाते, तिला जावंच लागतं, हिनाता आणि कागेयामा या नायकांना राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोचवायचं असतं. पण त्या संध्याकाळी सुगा घरी गेला तेव्हा काय झालं? त्याला कुणी विचारलं का? मूळ मंगाच्या 402 प्रकरणांत ते कुठे येत नाही. येण्याची गरजही नाही. मला मात्र ते हवं होतं, म्हणून मी ते काढलं.

शाळेच्या दारातून निघून स्वतःच्या खोलीचं दार लावेपर्यंतचा सुगा, एवढीच गोष्ट. नेम, म्हणजे पानांचे कच्चे आराखडे, चार वेळा फाडले. ‘हाइक्यू’ जिथे घडतं त्या मियागीतले रस्ते, बसथांबे, तिथल्या घरांचे उंबरठे कसे असतात ते बघायला सेंदाईला जाऊन आले. टोन (छटा देणारे ठिपक्यांचे कागद) लावायला एका जपानी सहकारी बाईंनी शिकवलं. त्या 1980 च्या दशकात ‘कॅप्टन त्सुबासा’वर दोजिन्शी काढायच्या, हे मला तोवर माहीतच नव्हतं. तो काळ असा होता की मुलांसाठीच्या त्या फुटबॉल मालिकेवर शाळा-कॉलेजातल्या मुलींनी इतकी पुस्तकं काढली की कॉमिकेटचा चेहरामोहराच बदलला. 1975 मध्ये 32 सर्कल आणि सुमारे 700 माणसं यांच्यानिशी एका हॉलमध्ये सुरू झालेला हा मेळा पुढे पाच-पाच लाखांचा झाला, त्यात या मुलींचा वाटा फार मोठा. क्लॅम्प या मंगा काढणाऱ्या गटाच्या लेखिका त्याच पिढीतल्या. ‘कॅप्टन त्सुबासा’ आणि ‘सेंट सेइया’वर हात बसवूनच त्या 1989 मध्ये व्यावसायिक मंगात आल्या. ‘आधी स्वतःचं काढ’ असं कुणी त्यांना दटावून बसवलं असतं तर?

मला जागा मिळाली ती हिवाळ्याच्या कॉमिकेटला. अर्धं टेबल, दोन खुर्च्या. छापखान्याने परस्पर पाठवलेला खोका सकाळी टेबलाखाली येऊन पडलेला असतो. तो उघडून पहिली प्रत हातात घेतली की काय वाटतं ते मी सांगत बसत नाही, भाच्याला कळेलच. नमुना प्रत समितीच्या स्वयंसेवकाकडे द्यायची, त्याने पानं चाळून मान डोलावली की विक्रीला मोकळीक. सुरू झाल्याची घोषणा होते आणि सगळा हॉल टाळ्या वाजवतो. मांडणारे, घ्यायला आलेले, स्वयंसेवक, सगळे. तिथे गिऱ्हाईक असं कुणी नसतं, आत आलेला प्रत्येक जण सहभागी, हा त्यांचा पहिल्यापासूनचा दंडक आहे.

दुपारी माझ्याच वयाची एक बाई आली. ‘बघू का?’ विचारून तिने उभ्याउभ्या सगळं पुस्तक वाचलं आणि पैसे देऊन गेली. तासाभराने परत आली. पुस्तकात एका चौकटीत घरी आल्यावर सुगा बुटांची पिशवी भिंतीवर फेकतो. तिने तेच पान उघडून समोर धरलं आणि म्हणाली, ‘माफ करा, पण सुगा हे करणार नाही. तो बूट जुळवून ठेवेल. एरवीपेक्षा जास्त नीट ठेवेल.’ मी म्हटलं, माणूस घरी एकटा असताना वेगळा असतो. ती म्हणाली, आओबा जोसाई शाळेविरुद्धच्या सामन्यात कागेयामाला बाहेर काढून सुगाला उतरवतात तेव्हा तो आत येऊन काय करतो ते आठवा. सगळ्यांना सावरतो. असा माणूस एकटा असतानाही तसाच असतो, त्याचं दुःख तिथेच आहे. आमचं हे बराच वेळ चाललं. शेजारच्या सर्कलवाल्या मुलीने मध्येच तिचं मत दिलं, तेही माझ्या विरुद्ध. मी ते पान बदललं नाही, आजही माझं म्हणणं तेच आहे. पण पुढच्या वर्षी ती बाई स्वतःचं पुस्तक घेऊन माझ्या टेबलाशी आली. तीच संध्याकाळ, तोच उंबरठा, आणि जुळवून ठेवलेले बूट. माझ्या सोळा पानांना तिने वीस पानांचं उत्तर दिलं होतं.

माझ्या एका चौकटीचा कुणी इतका विचार त्याआधी कधी केला नव्हता. ऑफिसात माझी भाषांतरं रोज लोक वाचतात, त्यांत कुणाला काही खटकलं तर शब्द बदलून मागतात. इथे एका अनोळखी बाईने माझ्याशी भांडायला वर्षभर चित्रं काढली.

तर हे पुस्तक मी सुट्टीत सांगलीला नेलं. दादाने पाहिलं, पानं उलटली आणि म्हणाला, ‘चित्रं छान आहेत गं. पण यात तुझं काय?’

माझा दादा हौशी संगीत नाटकात काम करतो. ‘सौभद्र’मधली पदं त्याच्या गळ्यात आहेत आणि गणपतीत तो ती गातो. मी त्याला विचारलं, सुभद्रा अण्णासाहेब किर्लोस्करांनी जन्माला घातली का? अर्जुन, कृष्ण, बलराम, यांतलं कोण त्यांचं? महाभारतात सुभद्राहरणाची हकीकत केवढी आणि 1882 मध्ये त्यांनी तिच्यातून उभं केलेलं नाटक केवढं! सुभद्रेच्या जिवाची घालमेल होते ती त्यांची, घरातली भांडणं आणि डावपेच त्यांचे, पदं त्यांची. त्या नाटकात तू अर्जुन होतोस तेव्हा ‘यात तुझं काय’ असं मी तुला विचारते का? दादा म्हणाला, महाभारत सगळ्यांचं आहे, तुझं ते जपानी मंगा एका जिवंत माणसाचं आहे. यावर आम्ही दोन दिवस बोललो नाही.

दादाचं तेवढं म्हणणं बरोबर आहे आणि ते मी त्याच दिवशी मान्यही केलं होतं. ‘हाइक्यू’ हारुइची फुरुदाते यांचं आहे. त्यावर पैसे कमवायचा हक्क त्यांचा, आणि उद्या त्यांनी किंवा प्रकाशकाने थांबा म्हटलं तर मी त्याच क्षणी थांबेन. पण हा झाला परवानगीचा आणि पैशाचा प्रश्न. ‘यात तुझं काय’ हा वेगळा प्रश्न आहे, आणि लोक दोन्हींची सरमिसळ करतात. तुम्हीही केलीत. सुगाच्या मांडीवर मी चेंडूंची जाळी दिली आहे. ती फुरुदातेंनी दिलेली नाही, ती मिरजेहून आलेली आहे. माझ्याच नावाने ती गोष्ट काढायला मला दहावीनंतर कुणी अडवलं नव्हतं, तरी मी काढली नाही, कारण कशी काढायची तेच मला कळत नव्हतं. सुगा भेटला आणि कळलं. तुमच्या भाच्याने कोणत्या पात्राची कोणती संध्याकाळ निवडली आहे ते त्याला विचारा. त्यात तुम्हाला तो सापडेल.

आणि ‘आधी दुसऱ्याचं, मग स्वतःचं’ अशी पायरी म्हणूनही याकडे बघू नका. क्लॅम्पचं उदाहरण मी दिलं खरं, पण बहुतेक जण व्यावसायिक होत नाहीत आणि होण्यासाठी काढतही नाहीत. बहुतेक सर्कलचा छपाईखर्चसुद्धा निघत नाही. माझाही निघत नाही.

काही गोष्टी राहिल्या. अर्ज आधीच्या कॉमिकेटच्या पाठोपाठच भरायचा असतो, सोबत सर्कल कट, म्हणजे सर्कलची ओळख देणारं छोटं चित्र, लागतो, निवड सोडतीने होते आणि निकाल दोनएक महिने आधी येतो. पहिल्याच वेळी नंबर लागेल असं धरून चालू नये. त्यापेक्षा एकाच मालिकेचे जे छोटे ‘ओन्ली’ मेळावे असतात तिथून सुरुवात करावी. शेवटच्या पानावर छपाईची तारीख, सर्कलचं नाव, संपर्क आणि छापखाना यांची नोंद हवीच. छापखान्यांची लवकर फाइल देणाऱ्यांना सवलत असते, ती सोडू नये. सुट्टे पैसे भरपूर न्यावेत.

आणि हे महत्त्वाचं: भाचा विद्यार्थी व्हिसावर आहे. त्या व्हिसावर कमाईला मर्यादा असतात आणि वेगळी परवानगी लागते, तेव्हा पुस्तक विकण्याआधी त्याने शाळेच्या कार्यालयात विचारलंच पाहिजे. फुकट वाटलं तर प्रश्न येणार नाही असं मला वाटतं, पण माझ्या शब्दावर राहू नका. काही कंपन्या फॅन निर्मितीबद्दल स्वतःचे नियम जाहीर करतात. त्याच्या मालिकेचे असतील तर ते माझ्या या सगळ्या लिखाणाच्या वर. आणि तीच पुस्तकं भारतात आणून विकायचा विचार असेल तर जपानमधली डोळेझाक तिथे गृहीत धरू नये.

कोणती मालिका ते तुम्ही लिहिलं नाहीत. कळवलंत तर तिचे ओन्ली मेळावे कधी असतात ते बघून खाली लिहीन.