दोन मतपत्रिका, एक पेन

(डिसेंबर २०२० मध्ये, अमेरिकेतल्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीनंतर, पेनसिल्व्हेनियातल्या बक्स काउंटीतून आलेलं पत्र, थोडं आटोपशीर करून; उत्तरही तेव्हाचंच. लिहिणारे मूळचे साताऱ्याकडचे, वय ६३, अमेरिकेत ३४ वर्षं.)

"ताई, मी कॉन्झर्व्हेटिव्ह आहे आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही. २००० साली पहिलं मत बुशना दिलं, तेव्हापासून दर वेळी रिपब्लिकनच. ३ नोव्हेंबरच्या रात्री आमच्या राज्यात ट्रम्प लाखोंनी पुढे होते, मी समाधानाने झोपलो. शनिवारपर्यंत सगळं उलटं झालं. तेव्हापासून धड झोप नाही, जेवणावर वासना नाही. दिवाळीत मंडळाच्या झूमवर दोघांनी टोमणे मारले, मी कॅमेरा बंद करून टाकला. न्यूयॉर्कला असलेल्या मुलीने निकालाच्या दिवशी घरच्या ग्रुपवर लाडवांचा फोटो टाकला. मी ग्रुप सोडला. थँक्सगिव्हिंगला ती आली नाही, करोनाचं कारण सांगितलं. अजून बोलणं बंद आहे. टपालाच्या मतपत्रिकांवर माझा कधीच विश्वास नव्हता. यंदा करोनामुळे नाइलाजाने मागवल्या. दोन्ही मीच एका बैठकीत भरल्या, कारण सौ. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये संध्याकाळच्या शिफ्टला असते आणि तिला राजकारणातलं काही कळत नाही. तिची सही घेतली आणि स्वतः जाऊन पेटीत टाकून आलो. बाकीच्या लाखो लोकांच्या कुणी भरल्या, कोण जाणे! आता सांगा, मुलीला आधी मी फोन करावा का? आणि निवडणूक चोरीला गेलेली असताना माणसाने शांत कसं राहायचं?"
— एक हरलेला

नमस्कार.

तुमच्या पत्रात ट्रम्प आहेत, बायडन आहेत, फिलाडेल्फियातली मतमोजणी आहे, मुलीचे लाडू आहेत. मी मात्र त्या एका वाक्यापाशी अडकले ती अडकलेच. "दोन्ही मीच एका बैठकीत भरल्या." आणि लगेच पुढे विचारता, बाकीच्यांच्या कुणी भरल्या कोण जाणे. बाकीच्यांचं मला ठाऊक नाही हो. एका मतपत्रिकेचं मात्र पक्कं ठाऊक आहे, कारण तुम्हीच लिहून दिलंय.

आधी ते चोरीचं उरकून टाकू. त्या रात्रीच्या आघाडीत गूढ काही नव्हतं. तुमच्या राज्यात टपालाची पाकिटं मतदानाच्या दिवशी सकाळी सात वाजेपर्यंत उघडताच येत नाहीत, आणि हा नियम बदलायचं ज्या विधिमंडळाला जमलं नाही, तिथे बहुमत तुमच्याच पक्षाचं. कारण न देता टपालाने मत द्यायची मुभा २०१९ साली याच विधिमंडळाने दिली. ट्रम्प उन्हाळाभर आपल्या लोकांना सांगत राहिले की टपालावर भरवसा ठेवू नका. त्यांनी ऐकलं, ते केंद्रावर गेले, त्यांची मतं आधी मोजली गेली. सुमारे २६ लाख पाकिटं मागाहून मोजली गेली, त्यांत बहुतेक दुसऱ्या बाजूची. शेवटी ८० हजारांवर मतांचा फरक राहिला. कोर्टकचेऱ्या झाल्या. फिलाडेल्फियाच्या अपील कोर्टात ट्रम्प यांची बाजू फेटाळणारा निकाल लिहिला तो स्टेफानोस बिबास यांनी, ज्यांना ट्रम्प यांनीच नेमलं होतं. परवा १४ तारखेला तुमच्या राजधानीत, हॅरिसबर्गमध्ये, राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या तुमच्या राज्याच्या २० निर्वाचकांची मतं बायडन यांना पडली, देशभरात अशी ३०६ विरुद्ध २३२. दुसऱ्या दिवशी तुमच्याच पक्षाचे सिनेटमधले नेते मिच मॅककॉनेल यांनी सिनेटमध्ये उभं राहून बायडन यांचं अभिनंदन केलं. मॅककॉनेलना डावे म्हणायची तुमची तयारी आहे का?

आणि गंमत बघा. त्याच मतपत्रिकांवर, त्याच पाकिटांतून, तुमच्या राज्याने ट्रेझरर आणि ऑडिटर जनरल या दोन्ही पदांवर रिपब्लिकन उमेदवार निवडून दिले. खुद्द तुमच्या बक्स काउंटीत वरच्या ओळीत बायडन जिंकले आणि खालच्या ओळीत काँग्रेससाठी रिपब्लिकन ब्रायन फिट्झपॅट्रिक आरामात जिंकले. वरची ओळ चोरून खालच्या ओळींना हात न लावणारा चोर मी तरी ऐकलेला नाही. याचा अर्थ सरळ आहे. तुमच्याच गल्लीत, तुमच्याचसारख्या घरांत, लोकांनी मतपत्रिकेवर नावापुढचा एक गोल इकडचा भरला आणि एक तिकडचा. काही घरांत नवऱ्याने एक भरला असेल, बायकोने दुसरा.

तुमच्या घरात मात्र ती सोय नव्हती.

मी ते जेवणाचं टेबल डोळ्यांपुढे आणून बघते आहे. एका खुणेत सगळा पक्ष निवडायची जुनी पद्धत त्या २०१९ च्या कायद्याने बंद केली. तेव्हा यंदा तुम्हाला एकेक गोल वेगळा भरावा लागला. राष्ट्राध्यक्ष, ॲटर्नी जनरल, ऑडिटर जनरल, ट्रेझरर, काँग्रेस, राज्याची विधानसभा. आधी स्वतःच्या कागदावर, मग तिच्या. प्रत्येक ओळीपाशी तुमचं पेन क्षणभर तरी टेकलं असणार. प्रत्येक ओळीपाशी नुसतं मान वर करून "अगं, इथे कोण?" एवढं विचारता आलं असतं. वहिनी तेव्हा चार पावलांवर डबा भरत असतील. मग तुम्ही कागद घडी घालून आतल्या पाकिटात सरकवलात. ते आतलं पाकीट मुळात कशासाठी असतं? मत कुणाला दिलं हे कुणालाही कळू नये म्हणून. तुमच्या राज्यात ते पाकीट वगळलं तर मतपत्रिकाच बाद होते, इतकं त्याला महत्त्व. वहिनींचं मत मोजणाऱ्यांपासून लपलं, पोस्टमनपासून लपलं, माझ्यापासूनही लपलं असतं. तुमच्यापासून लपलं नाही, कारण ते त्यांचं नव्हतंच. बाहेरच्या पाकिटावर प्रतिज्ञा छापलेली असते, तिच्याखाली सही तेवढी त्यांची.

कायद्याने मदतनीस घेता येतो तो दृष्टिहीन, अपंग किंवा लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाला. वहिनी यांपैकी कशात बसतात? मी तुम्हाला पोलिसांची भीती घालत नाही, पण ही हकिकत मंडळाच्या झूमवर सांगू नका, एवढं मोफत सांगते.

"तिला राजकारणातलं काही कळत नाही." हे वाक्य मी परत परत वाचलं आणि दर वेळी जास्त चिडले. मार्चपासूनचा सगळा करोना हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काढणाऱ्या बाईला २०२० च्या निवडणुकीतलं काही कळत नाही? या निवडणुकीतलं निम्मं भांडण मास्कवरून, चाचण्यांवरून, काय बंद ठेवायचं आणि काय उघडायचं यावरून होतं. तुम्ही ते टीव्हीवर बघत होतात, ती रात्री अकराला त्यातून घरी येत होती. कदाचित बंदीला कंटाळून तिनेही ट्रम्पनाच दिलं असतं. कदाचित बायडनना. कदाचित तुमच्या शेजाऱ्यांसारखं, वर एक आणि खाली एक. मला माहीत नाही, आणि इतक्या वर्षांच्या संसारानंतर तुम्हालाही माहीत नाही. नागरिकत्वाची मुलाखत त्यांनीही दिली ना? शपथ त्यांनीही घेतली ना? तिथे त्यांची उत्तरं कुणी दिली होती?

वहिनींचा कैवार घ्यायला मी बसलेली नाही. न वाचता सही केली ही त्यांचीही ढिलाई, शिकलेल्या बाईला ती शोभत नाही. पण पत्र तुम्ही लिहिलंत, तेव्हा बोलणी तुम्ही खायची.

तुम्हाला परंपरेचा अभिमान आहे म्हणून तुमच्याच पक्षातली एक गोष्ट सांगते. अमेरिकेत बायकांना मताचा हक्क मिळाला त्याला यंदाच्या ऑगस्टमध्ये शंभर वर्षं झाली. शेवटचं राज्य लागत होतं ते टेनेसी. तिथल्या विधानसभेत मतं समसमान पडत होती. हॅरी बर्न नावाचा २४ वर्षांचा आमदार, रिपब्लिकन, कोटाला लाल गुलाब लावून आला होता. लाल गुलाब म्हणजे विरोधकांची खूण. पण खिशात आईचं पत्र होतं आणि त्यात तिने लिहिलं होतं की पोरा, बाजूने मत दे. त्याने दिलं, आणि सगळं पारडं फिरलं. आई काय म्हणते हे ऐकून घेण्यात त्या पोराला कमीपणा वाटला नाही. आईला त्यातलं काही कळत नाही असंही तो म्हणाला नाही.

आपल्याकडची गोष्टही काही फार दूरची नाही. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीच्या वेळी उत्तरेत लाखो बायकांनी यादीत स्वतःचं नावच सांगितलं नाही, अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी हट्ट धरला की नाव सांगा, नाहीतर यादीत जागा नाही, आणि जवळजवळ २८ लाख बायका गाळल्या गेल्या. कठोर होतं ते, पण मत माणसाचं असतं, नात्याचं नसतं, हे त्यांनी पहिल्याच फेरीत ठरवून टाकलं. आणि हो, सुट्टीत साताऱ्याला आलात की गावातल्या सरपंचपतींना तुम्ही हसत असालच. खुर्चीत बाई, सही बाईची, कारभार बुवाचा. यापुढे हसताना जरा जपून.

आता तुमच्या दुःखाकडे येते, कारण ते खोटं आहे असं मी म्हणत नाही. वीस वर्षं ज्या पक्षाला मानलं तो हरला की माणसाला आतून काहीतरी ढासळल्यासारखं होतं. कर कमी असावेत, सरकारने घरात फार लुडबूड करू नये, पिढ्यांनी बसवलेली घडी उगाच विस्कटू नये, असं मानणारी माणसं कुठल्याही देशाला हवीत. पण तुमच्या या घराण्यात हरण्याचीही एक रीत होती. थोरले बुश १९९२ साली क्लिंटनकडून हरले, आणि जाताना ओव्हल ऑफिसमध्ये त्यांच्यासाठी स्वतःच्या हाताने चिठ्ठी लिहून ठेवून गेले, की आता तुमचं यश तेच देशाचं यश. त्यांना काय कमी झोंबलं असेल?

तुम्हाला ते जमत नाही याचं कारण मला फिलाडेल्फियात दिसत नाही, तुमच्या स्वयंपाकघरात दिसतं. घर म्हणजे एक मत, असा तुमचा हिशोब आहे. त्यामुळे कुणी वेगळं काही म्हटलं की तो तुम्हाला मतभेद वाटत नाही, दगा वाटतो. लाडवांच्या फोटोचा एवढा राग येण्यासारखं काय होतं त्यात? खरं सांगा, २०१६ च्या नोव्हेंबरात तुम्ही मुलीला काय काय पाठवलं होतंत? मला वाटतं तुम्हाला लाडू झोंबले नाहीत. तुमच्या पदरात धरलेलं एक मत ती स्वतःबरोबर न्यूयॉर्कला घेऊन गेली, ते झोंबलं. घरी राहिली असती तर तिसरी मतपत्रिकाही त्याच बैठकीत भरून झाली असती.

म्हणून मुलीला फोन करावा की नाही, याचं उत्तर मी आज देणार नाही. आधी दुसरं काम करा. वहिनींच्या सुट्टीच्या दिवशी, जेवणं झाली की टीव्ही बंद करा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि त्यांना सांगा, "तुझी मतपत्रिका मी भरली, ते चुकलं." पुढे काही जोडू नका. करोना, शिफ्ट, घाई, काही नाही. मग विचारा, "तू कुणाला दिलं असतंस?" आणि गप्प बसा. त्या हसतील, विषय बदलतील, भांडी उचलायला उठतील. उठू द्या. तुम्ही जागेवर बसून राहा. नाव सांगितलं, तर "का?" हा प्रश्न विचारायचा नाही. तुमचा "का" कसा असतो ते चार पानांवरून मला कळलंय. तो प्रश्न नसतो, खटला असतो. आणि सांगणार नाही म्हणाल्या, तर तेही उत्तरच आहे, ते घ्या आणि उठा.

मे महिन्यात तुमच्याकडे प्रायमरी आहे, म्हणजे पक्षाचे उमेदवार ठरवणारी निवडणूक. तुमच्या राज्यात प्रायमरीत मत द्यायचं तर पक्षाची नोंदणी लागते, आणि वहिनींची नोंदणी कोणत्या पक्षात आहे व ती कुणी केली, याचा अंदाज मला पुण्यात बसून करता येतो. तो फॉर्म त्यांच्यापुढे ठेवा आणि खोलीतून बाहेर जा. मतपत्रिका आली की त्यांच्या पर्सशेजारी ठेवा. पेन त्यांचं त्या शोधतील.

एवढं झालं की मुलीशी काय बोलायचं ते तुम्हाला मला विचारावं लागणार नाही. आणि वहिनी काय म्हणाल्या ते मला कळवू नका, ते मला कळायचं काही कारण नाही.