गाठ परत आली, पण दाव्याचा मुद्दा दुसराच आहे

प्रश्न : मी नागपुरात शाळेत शिकवते. आवाज सारखा बसायचा. दीड वर्षापूर्वी धंतोलीतल्या एका खासगी रुग्णालयात स्वरतंतूवरच्या गाठीचं ऑपरेशन केलं, ८० हजार रुपये लागले. चार महिन्यांत गाठ त्याच जागी आली. दुसरे डॉक्टर म्हणाले, ‘हा ग्रॅन्युलोमा आहे, पोटातलं आम्ल घशात चढतं म्हणून होतो. आधी त्याचे उपचार करायला हवे होते.’ मला भरपाई मिळेल का?

उत्तर : ताई, ज्या आवाजावर घर चालतं तोच वर्गात साथ देत नाही, हे फार वाईट झालं. तरी ‘गाठ परत आली’ एवढ्यावर तक्रार करू नका, ती टिकणार नाही. ग्रॅन्युलोमा नीट काढला तरी परत येतो. स्वरतंतूच्या मागच्या टोकाला कूर्चेवर अगदी पातळ अस्तर असतं. वर चढलेलं आम्ल ते सोलवटतं आणि घसा खाकरण्यानं, जोरात बोलण्यानं ती जखम भरतच नाही, तिथंच गाठ वाढते. छातीत जळजळ होत नसली तरी हे घडू शकतं. म्हणून आधी आम्लाची औषधं, जेवणाच्या वेळा, आवाजाचे व्यायाम, आणि त्यांनी भागलं नाही, श्वासाला अडथळा आला किंवा कर्करोगाची शंका असली तर ऑपरेशन, असा सर्वसाधारण क्रम आहे.

तुमचा खरा मुद्दा संमतीचा आहे. ‘ऑपरेशनशिवाय औषधांचाही मार्ग आहे, आणि कापलं तरी गाठ परत येऊ शकते’ हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं का? समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये स्पष्ट केलं की उपचाराचं स्वरूप, फायदे, मोठे धोके आणि पर्याय सांगून घेतलेली संमतीच खरी. छापील फॉर्मवर नुसती सही असेल, तर तिथं तुमची बाजू भक्कम होते.

हे सगळं कागदांवरून ठरेल. रुग्णालयाला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार नोंदी ७२ तासांत द्याव्या लागतात. संमतीपत्र, ऑपरेशनची टिपणी, बायप्सीचा अहवाल, डिस्चार्ज कार्ड आणि दुर्बिणीच्या तपासणीचा व्हिडिओ मागा. पहिल्याच चिठ्ठीवर आम्लाची गोळी आणि पथ्य लिहिलेलं असेल, किंवा कर्करोगाची शंका नोंदवलेली असेल, तर मी तुम्हाला थांबायलाच सांगेन. समोरचे वकील रात्री उशिराचं तिखट सावजी जेवण, चहा, खर्रा यांबद्दलही विचारतील. जे असेल ते मला आधीच सांगा. उलटतपासणीत पहिल्यांदा कळलं तर फार महागात पडतं.

तज्ज्ञाचं मत लागेलच. दुसऱ्या डॉक्टरांकडून लेखी घ्या. जिथं तक्रार करायची तो ग्राहक आयोग स्वतःहून मेडिकल किंवा मेयोसारख्या सरकारी रुग्णालयाचाही अभिप्राय मागवू शकतो. पोलिसात मात्र जाऊ नका. जेकब मॅथ्यू खटल्यापासून (२००५) डॉक्टरवर फौजदारी गुन्ह्यासाठी अतिशय गंभीर निष्काळजीपणा दाखवावा लागतो, आणि तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही.

तक्रार नागपूर जिल्हा ग्राहक आयोगात करायची. २०१९ च्या कायद्यात तुम्ही किती भरपाई मागता यावर नव्हे, तर किती पैसे मोजले यावर आयोग आणि शुल्क ठरतं. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, तेव्हा तुम्हाला एक रुपयाही भरावा लागणार नाही. बुडालेला पगार, पुढच्या उपचारांचा खर्च, मानसिक त्रास, सगळं मागता येईल, फक्त बिलं आणि रजेच्या नोंदी जपून ठेवा.

मुदत दोन वर्षांची. ती गाठ परत आल्याचं कळल्यापासून मोजावी असा युक्तिवाद करता येईल, पण त्यावर विसंबू नका. ऑपरेशनच्या तारखेपासूनच मोजा, म्हणजे तुमच्याकडे जेमतेम सहा महिने आहेत. आणि दुसरं ऑपरेशन ठरत असेल, तर त्याआधी आत्ताच्या गाठीचा व्हिडिओ काढून घ्या. नंतर तो मिळणार नाही.