खोट्या वैदूसाठी खरे अश्रू

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र दोनदा वाचले. दोन वर्षे तुम्ही पाच जण दर शनिवारी एकत्र बसून फॅन्टसी रोल-प्लेइंग गेम खेळता, म्हणजे आपापले काल्पनिक पात्र घेऊन, फासे टाकत, सगळे मिळून एक कथा पुढे नेता. गेल्या महिन्यात तुमची वैदू झोपेत असताना मित्राच्या चोराने तिच्या पिशवीतले शेवटचे औषध पळवून विकले, पुढच्याच लढाईत ती मेली, टेबलाभोवती हशा पिकला आणि "मी काय करू, माझे पात्रच चोर आहे" असे म्हणून मित्र मोकळा झाला. तेव्हापासून तुम्ही खेळायला गेलेला नाहीत आणि खोट्या बाईसाठी रडणे हा बालिशपणा आहे का, असे विचारता.

मुळीच नाही. वैदूच्या कॅरेक्टर शीटवरचा, म्हणजे पात्राची नोंद ठेवायच्या कागदावरचा, हिट पॉइंटचा (पात्रात किती जीव उरला त्याचा) रकाना खोडरबराने घासून भोक पडायच्या बेताला आला आहे, असे तुम्हीच लिहिले आहे. ज्या कागदावर माणूस दोन वर्षे इतकी खाडाखोड करतो, तो बाजूला ठेवताना डोळे भरून आले तर त्यात नवल कसले?

समाजशास्त्रज्ञ गॅरी ॲलन फाइन यांनी अशा खेळाडूंमध्ये बसून, त्यांच्याबरोबर खेळून अभ्यास केला आणि तो १९८३ साली प्रसिद्ध केला. अशा टेबलाशी बसलेला प्रत्येक जण एकाच वेळी तीन पातळ्यांवर वावरतो, अशी त्यांची मांडणी आहे: रोजच्या आयुष्यातला माणूस, नियम आणि फासे सांभाळणारा खेळाडू, आणि कथेतले पात्र. तुमच्या प्रसंगात चोरी पात्राने केली, ती करायची हे खेळाडूने ठरवले आणि हसला तो माणूस. मित्राने मात्र तिन्हींचा हिशेब पात्राच्या नावावर मांडला. पात्र चोर असावे हे त्यानेच ठरवले होते, आणि चोरण्याजोगे इतके काही असताना सोबतिणीचीच पिशवी उघडावी, हेही त्यानेच. ही सबब फार जुनी आहे आणि मला तिचा मनस्वी कंटाळा आहे. वीस बाजूंच्या फाशावर एक, म्हणजे सर्वांत वाईट आकडा, पडण्याची शक्यता अवघी पाच टक्के असते. तरी तो पडून वैदू मेली असती, तर तुम्ही हळहळला असतात, पण फाशावर रुसला नसतात.

एकमेकांच्या पात्रांना लुबाडणे चालेल की नाही, हे मात्र तुमच्यापैकी कोणीच कधी ठरवलेले दिसत नाही. अनेक गट मोहीम सुरू करण्यापूर्वी त्यासाठीच एक बैठक घेतात, तिला सेशन झिरो म्हणतात. तुमच्याकडे ती झाली नाही, हा दोष पाचही जणांचा, आणि थोडा अधिक खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरचा, कारण त्या रात्री खेळ थांबवून "हे सगळ्यांना मान्य आहे का?" असे विचारणे त्याच्या हातात होते.

मारेकरी पात्र घेऊन परत जाण्याचा बेत तुम्ही अर्धवट गमतीने लिहिला आहे, तो सोडून द्या. तसे केलेत तर मित्राचीच सबब तुम्ही वापराल. त्याला शनिवारखेरीज एखाद्या दिवशी एकट्याला भेटा आणि औषध गेल्याचे नव्हे, सगळे हसले त्याचे दुःख सांगा. त्याला बहुधा त्याची कल्पनाही नसेल. डंजन मास्टर मंत्राने वैदूला जिवंत करायला तयार आहे, असे तुम्ही म्हणता. हे बोलणे होईपर्यंत ते स्वीकारू नका. मित्राने पुन्हा चोराचेच नाव पुढे केले, तर गट बदला, आणि ती कॅरेक्टर शीट बरोबर घेऊन जा.