सोलरला जमीन द्या, पण ह्या कागदावर नको

दादा, तुमचं पत्र आणि कराराचे फोटो बघितले. शिरोळ तालुक्यातली ५ एकर क्षारपड, ऊस येत नाही, सातबारावर तुम्ही, पुण्यातला भाऊ आणि इचलकरंजीला दिलेली बहीण, आणि सोलर कंपनीच्या एजंटनं ५०० च्या स्टँपवर नोटरी करून एकट्या तुमची सही घेतली, २९ वर्षं, एकरी वर्षाला ३० हजार भाडं, वाढ नाही, वर २५ हजार टोकन. आता बहीण रागावलीय आणि तुम्ही विचारताय, मी अडकलो का.

पुरते नाही अडकला. वर्षाच्या वरचा भाडेपट्टा रजिस्टरच व्हावा लागतो, नोटरीचा शिक्का म्हणजे रजिस्ट्रेशन नव्हे (हे सांगून आमची जीभ झिजली). भावाबहिणीचा हिस्सा त्यांच्या सहीशिवाय तुम्हाला देता येत नाही, आणि जमीन वडिलोपार्जित असली तर २००५ च्या दुरुस्तीपासून मुलीचा हक्क मुलाइतकाच, "ती दिल्या घरी गेली" हे कोर्टात चालत नाही. पण कागद रद्दी समजून गप्प बसू नका, तुमच्या हिश्श्यापुरता पट्टा करून द्या म्हणून कंपनी त्यावर दावा लावू शकते. म्हणून आधी वकिलामार्फत नोटीस, टोकन बँकेतनं परत करायची तयारी त्यातच लिहायची, आणि तोवर ताबा नाही, एक खांबही रोवू द्यायचा नाही, मुखत्यारपत्रावर तर सही अजिबात नको.

आता सोलरला माझा विरोध आहे असं समजू नका. पाणी पाजून पाजून खारवलेल्या रानात ह्यापेक्षा बरं पीक मला तरी दिसत नाही, नदीचं पाणी उपसायला नको, खतऔषध नको, धूर नाही, पॅनलखाली गवत वाढतं आणि शेतकऱ्यांना दिवसा लाईट मिळायला हातभार लागतो. दर मात्र बघा, मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये हेक्टरी वर्षाला १,२५,००० भाडं आणि दरवर्षी ३ टक्के वाढ आहे, म्हणजे एकरी ५० हजाराच्या आसपास. खाजगी प्रकल्पाला तो दर बांधील नाही पण घासाघीस करताना हा आकडा तोंडावर टाकायचा.

तुमच्या करारातलं मला सगळ्यात खटकलं ते कलम १४, "नैसर्गिक आपत्तीत भाडं देय नाही". अहो शिरोळमध्ये २०१९ ला पूर, २०२१ ला पूर, मग भाडं मिळणार कधी? ते काढायलाच लावा. कंपनी तुमची जमीन बँकेत गहाण ठेवू शकते असंही आत घुसवलंय, तेही जायला पाहिजे, कर्ज काढायचं तर स्वतःच्या पॅनलवर काढा म्हणावं. मुदत संपल्यावर पाया उकरून जमीन मोकळी कोण करणार, जुनी पॅनल कोण नेणार ह्यावर एक ओळ नाही, ई-कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांत सोलर पॅनल येतात तेव्हा ती जबाबदारी कंपनीवर टाका आणि त्यासाठी बँक गॅरंटी घ्या. स्टँप ड्युटी, एनएचा (बिगरशेतीचा) खर्च आणि टॅक्सही त्यांच्याकडं.

वादासाठी लवाद हैदराबादला ठेवलाय, तो कोल्हापूर करून घ्या. हायकोर्टाचं सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ पासून आपल्याकडंच आहे, मग आपण कशाला लांब पळायचं.

अजून एक, सातबारावर भोगवटादार वर्ग २ (म्हणजे सरकारी परवानगीशिवाय दुसऱ्याला देता न येणारी जमीन) किंवा कूळकायद्याचा शेरा आहे का ते फोटोत दिसत नाही. असला तर परवानगीचा विषय वेगळा निघतो, आणि कंपनी शेतकरी नसल्यामुळं कूळकायद्याच्या कलम ६३ खाली परवानगी किंवा सूट कशाच्या जोरावर घेणार हे त्यांनी लेखी दाखवावं. सोसायटीच्या कर्जाचा बोजा असेल तर तो वेगळाच. जुने फेरफार, आठ-अ (खातेउतारा) आणि सोसायटीचा दाखला काढून पाठवा, आणि पुढच्या बोलणीला बहिणीला शेजारी बसवा.