आधी रिकामी रायफल कशी धरतात ते बघ

अनेक आशीर्वाद.

रायफल क्लबात नाव घालायचं तुझ्या मनात आहे असं आईकडून कळलं. घाल, खुशाल घाल. घरात बंदूक बघतच मोठा झालास, त्यामुळे 'मला जमेल' असं वाटणं साहजिक आहे. पण आजोबांची ठासणीची बंदूक शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. भातात शिरलेलं डुक्कर पिटाळायचं हे तिचं काम, आणि तिथे नुसता बार झाला तरी अर्धं काम होतं. (आचारसंहिता लागली की ती पोलीस ठाण्यात जमा होते आणि नेमके तेव्हाच वानर माडावर येतात, ते सोड.) क्लबात 50 मीटरवरच्या टार्गेटात दहा गुणांचा मधला गोल 10.4 मिलिमीटरचा असतो. 10 मीटरच्या एअर रायफलला तर दहा म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका. तेव्हा आजोबांकडून एवढंच बरोबर ने: भरलेली असो वा नसो, नळी माणसाकडे वळता कामा नये.

क्लब बघायला गेलास की भिंतीवरची पदकं आणि पुढाऱ्यांबरोबरचे फोटो बघत बसू नकोस. कोपऱ्यात अर्धा तास उभा राहा आणि पेटीतून रायफल कशी बाहेर येते ते बघ. नळीचं तोंड टार्गेटच्या दिशेला आहे का? बोल्ट (मागची खिटी) उघडा आहे का, चेंबरमध्ये, म्हणजे गोळी बसते त्या जागी, रिकामी असल्याची खूण म्हणून सेफ्टी फ्लॅग घातलाय का? कुणी टार्गेट बदलायला पुढे गेलं असताना बाकीचे आपापली रायफल खाली ठेवून मागे सरकतात की तिच्याशी चाळा करत राहतात? 'स्टॉप' म्हटल्यावर सगळे त्याच क्षणी थांबतात का? रिकामीच आहे म्हणून पोरं ती खांद्याला लावून सेल्फी काढत असतील आणि कोच हसत असेल, तर चहा घेऊन परत ये. तिथला स्कोअर कितीही चांगला असला तरी माझं मत बदलणार नाही.

स्मॉलबोअर म्हणजे .22 ची रायफल. ती बंदूकच, 1959 च्या शस्त्र कायद्याखाली येणारी. स्वतःचा परवाना वयाच्या एकविसाव्या वर्षाआधी मिळत नाही, म्हणून तोवर क्लबची रायफल आणि कोचची नजर. एअर रायफलचं तसं नाही. 2016 च्या नियमांप्रमाणे 4.5 मिलिमीटरची, 20 ज्यूलपर्यंतच्या ताकदीची असेल तर परवाना लागत नाही. त्यामुळे तुला आधी 10 मीटरच्या हॉलमध्येच उभं करतील. 'मला .22 पाहिजे' म्हणून रुसू नकोस. अभिनव बिंद्राचं 2008 चं ऑलिंपिक सुवर्ण आणि गगन नारंगचं 2012 चं कांस्य, दोन्ही एअर रायफलचीच. .22 चं म्हणशील तर फोंडा घाट चढून गेलं की राधानगरी तालुका. तिथल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने 2024 ला पॅरिसमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवलं. गुडघ्यावर बसून, पालथं पडून आणि उभं राहून, प्रत्येकी वीस गोळ्या. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत 2010 ला म्युनिकमध्ये प्रोनच्या, म्हणजे पालथं पडून मारायच्या प्रकारात जगज्जेत्या झाल्या. घाटावरची पोरं पुढे गेली याचं वैषम्य वाटत असेल, तर आपल्या बाजूला पनवेलला ऑलिंपिक खेळलेल्या नेमबाज सुमा शिरूर यांचा क्लब आहे, हे ध्यानात ठेव.

सुरुवातीचे काही महिने नेमबाजी तुला कंटाळवाणी वाटेल. पेलेट (एअर रायफलची गोळी) न घालताच उभं राहायचं, धरायचं, उतरवायचं. निम्मी पोरं इथेच गळतात, आणि खरं शिक्षण इथेच असतं. रायफल खांद्याला लावलीस, गाल टेकलास, की डोळे मिट. दोन-तीन श्वास घे आणि मग उघड. फोरसाईटची (नळीच्या टोकावरच्या माशीची) रिंग टार्गेटच्या काळ्या गोलाच्या डावीकडे गेलेली दिसली तर हाताने ढकलून तिला मधे आणायचा मोह होईल. आणू नकोस. हाताने आणलेली रायफल ट्रिगर दाबताना पुन्हा आपल्या जागी जाते आणि गोळी डावीकडे लागते. मागचं पाऊल बोटभर सरकव, सगळं अंगच वळू दे, पुन्हा डोळे मिट. उघडल्यावर रिंग आपोआप गोलावर आली की मगच ट्रिगरला बोट लाव. श्वास अर्धा सोडून थांबलास आणि सात-आठ सेकंदांत गोळी सुटली नाही, तर रायफल उतरव. ताणत राहिलास तर डोळा थकतो, हात थरथरतो, आणि तरीही मन म्हणतं, 'आता सोडतोच.' न मारता रायफल उतरवता येणं हे मी चांगल्या ग्रुपिंगपेक्षा, म्हणजे सगळ्या गोळ्या जवळजवळ लागण्यापेक्षा, वरचं मानतो. घाई कसली? एअर रायफलच्या साठ गोळ्यांना सव्वा तास असतो.

पुढे 50 मीटरला गेलास की शाळेतले खारे वारे आणि मतलई वारे कामाला येतील. सकाळी लवकर रेंजवरच्या, वारा दाखवणाऱ्या झेंड्या लोंबत असतात. ऊन चढलं की समुद्राकडून वारा सुरू होतो, आणि .22 ची हलकी गोळी बघता बघता बाजूला सरकते. म्हणून झेंडीकडे बघून थांबायला शिकावं लागतं. आणि .22 च्या रेंजवर कानाला मफ लावल्याशिवाय पाऊल टाकू नकोस.

विकत मात्र इतक्यात काहीही घेऊ नकोस. स्पर्धेची रायफल लाखांच्या घरात जाते, आणि नेमबाजीचं जाड जॅकेट अंगाच्या बरोबर मापाचं लागतं. तुझी उंची अजून वाढतेय. शिवाय आपली दमट हवा सामानाला खाते. पावसाळ्यात जॅकेट पेटीत कोंडलंस तर आठ दिवसांत त्याला बुरशी येते, ते पंख्याखाली टांगून ठेवावं लागतं. रायफलही फोमच्या पेटीत बंद ठेवायची नाही, फोम दमट हवा धरून ठेवतो. घामाचा हात लागलेलं लोखंड इथे दुसऱ्या दिवशी लाल दिसतं, म्हणून क्लबची असली तरी ठेवताना तेलाच्या फडक्याने पुसून ठेव. लोकांना तेवढ्यावरून माणूस कळतो. एअर रायफलचा हवेचा सिलिंडर 200 बार दाबाचा असतो, तो उन्हात उभ्या गाडीत ठेवायचा नाही. पेलेट शिशाचे असतात: तोंडात धरू नकोस, आणि साबणाने हात धुतल्याशिवाय वडापावला हात लावू नकोस.

एक वही कर. स्कोअर लिहिलास तर ठीक, पण त्याआधी झोप किती झाली, पाऊल कुठे होतं, कुठली गोळी सुटतानाच चुकीची वाटली, ते लिही. महिन्याने ती वही कोचला दाखव.

अठरा पूर्ण नाहीत, तेव्हा फॉर्मवर आईची किंवा बाबांची सही लागेल. आधार कार्ड आणि दोन फोटो बरोबर ठेव. पायात सपाट तळाचे बूट घाल, स्लिपरवर जाऊ नकोस. आजोबांना नमस्कार सांग. ते म्हणतील, 'कागदावर नेम धरून काय मिळणार?' म्हणू देत, पण पहिलं टार्गेट त्यांनाच दाखव.

तुझा,
काका